शटरच्या आत

ठकू आमच्या दुकानाची मॅनेजर म्हणून आली त्या सकाळी आम्ही सगळ्या जणी काउंटरपाशी ओळीनं उभ्या होतो, आणि ओळीच्या शेवटी तिची आई उभी होती. ठकू एकेकीजवळ थांबत, नाव-काम विचारत पुढं आली. आईसमोर आली तेव्हा आईनं हात जोडले आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "नमस्कार, मॅडम."

"नमस्कार, आक्का," ठकू म्हणाली आणि पुढं सरकली.

आमच्या भाजी विभागाच्या वहिनीनं माझ्या बरगडीत कोपर टोचलं. तिचा दीर पूर्वी आमच्याकडं कामाला होता, तेव्हापासून ती सगळ्या दुकानाची वहिनी.

"मावशी, ह्या दोघी एकाच घरात राहतात ना?"

"एकाच."

"सकाळी चहा एकाच पातेल्यातला?"

"गप गं," मी म्हटलं, पण मलाही हसू आवरेना.

मी गोदाम सांभाळते. माल येतो तो माझ्या हाताखालून आत जातो. आक्का काउंटरवर बिलं करते. तिचा नवरा गेला तेव्हा ठकू पहिलीत होती. शाळा दुपारीच सुटायची आणि घरी कुणी नाही, म्हणून पोर दप्तर घेऊन थेट माझ्या गोदामात यायची आणि कणकेच्या पोत्यांवर पालथी पडून अभ्यास करायची. जुन्या साहेबांना ठाऊक होतं, पण ते त्या बाजूला बघायचेच नाहीत. देव त्यांचं भलं करो. 'ही बाजू वर' हे ठकूनं आयुष्यात वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य. ते खोक्यांवर छापलेलं असायचं. मग ती शिकली, याच कंपनीच्या दुसऱ्या दुकानात उमेदवारीला लागली, तिथं वर चढत गेली, आणि आता साहेब निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीत येऊन बसली.

आक्कानं मला आदल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. "आमचं ठरलंय. शटरच्या आत मी आक्का, ती मॅडम. शटरच्या बाहेर मी आई आणि ती ठकू."

"आणि शटर अर्धंच वर असलं तर?"

"तर वाकून जायचं," आक्का म्हणाली. "विनोद पुरे. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

पोरगी कामाला चोख निघाली. पहिल्या दिवशी ती पुढच्या दारानं नाही, मागच्या दारानं आली, जिथं माल उतरतो तिथून. फ्रीजरच्या दारांची रबरं हात फिरवून बघितली. मग एकेकीला केबिनमध्ये बोलावून विचारलं, संध्याकाळपर्यंत काय दुखतं? काउंटरवरच्या मुली म्हणाल्या, पाय. इतक्या वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं. थोड्याच दिवसांत काउंटरवर बसायला उंच स्टुलं आली. एक कमी आलं. ज्या काउंटरला स्टूल मिळालं नाही तो दाराजवळचा, गार वाऱ्याचा. तो आक्काचा.

"पुढच्या खेपेला येईल," आक्का म्हणाली.

रविवारची संध्याकाळ कुणालाच नको असते, ती आक्काच्या वाट्याला आली. भाचीच्या लग्नाची रजा तिला मिळाली नाही, कारण आधी दोघींनी मागितली होती. खरंच मागितली होती, मीच साक्षीला आहे. एकेक गोष्ट घेऊन बघितली तर प्रत्येकीला कारण होतं. सगळ्या एकत्र ठेवल्या म्हणजे मात्र दिसायचं, की ठकूनं आईपासून इतकं अंतर ठेवलंय की त्या अंतरात आई कुठंतरी पडून गेलीय.

वहिनी म्हणायची, "माझ्या सासूनंसुद्धा मला एवढं राबवलं नाही, आक्का."

"ती सासू नाही, मुलगी आहे माझी."

"म्हणून तर म्हणते. सासूशी भांडता तरी येतं."

आक्का हसायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाची पिशवी उघडायची.

मग काउंटर प्रमुखाची जागा रिकामी व्हायची वेळ आली. प्रमुख होते ते गृहस्थ गावी शेतीकडं निघाले होते. राहिलेल्या रजा संपवत होते, कधी यायचे, कधी नाही. ही जागा आक्काच्या समोरून याआधी दोनदा गेली होती. पहिल्यांदा तिचं मूल लहान आहे म्हणून, दुसऱ्यांदा तिचं वय मोठं आहे म्हणून. मधली वर्षं कुठं गेली कुणास ठाऊक. या वेळी नाव सुचवायचं होतं मॅनेजरनं. त्यावर सही करायची होती मोठ्या बाईंनी, म्हणजे शहरातल्या सगळ्या दुकानांवर देखरेख करणाऱ्या बाईंनी. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, आता आक्काच.

आक्का तोंडानं काही बोलली नाही. पण एका सोमवारी ती नवे बूट घालून आली. जाड तळव्याचे, चालायला बरे. काउंटरवरच्या बाईला कशाला लागतात असले बूट? काउंटर प्रमुखाला लागतात, त्याला दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरावं लागतं. मी बुटांकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सवलतीत मिळाले."

त्याच आठवड्यात चष्मेवाली माझ्या गोदामात आली. ही आमच्या काउंटरवरची मुलगी, हुशार, पण येऊन फार दिवस झाले नव्हते. खोक्यांच्या आडोशाला उभी राहिली आणि चष्मा काढून पुसत बसली.

"काय झालं गं?"

"मावशी, मॅडम माझं नाव पाठवणार आहेत. काउंटर प्रमुख म्हणून. मला आत बोलावून सांगितलं."

"मग रडतेस कशाला? चांगलंच आहे की."

"मला हवंच आहे हो. नको कशाला म्हणू? पण आक्कांनी मला हाताला धरून शिकवलंय. मी कोणत्या तोंडानं त्यांची शिफ्ट लावू?"

मी तिला पाणी दिलं. दुपार होईपर्यंत कुणाला उणं बोलायचं नाही असा माझा नेम आहे, म्हणून जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबले आणि मग केबिनमध्ये गेले. ठकू डबा खात होती. फरसबीची भाजी. बाहेर आक्काच्या डब्यातही फरसबीच होती. भिंतीच्या दोन बाजूंना बसून मायलेकी एकच भाजी खात होत्या.

"बस मावशी," ती म्हणाली. एकटी असली की ती मला अजून अगं-तूगंच करायची.

"तू चष्मेवालीचं नाव देतेयस?"

"मुलगी चांगली आहे."

"चांगली आहेच. सगळ्यात चांगली आहे का?"

ठकूनं घास तसाच ठेवला. "नाही. सगळ्यात चांगली आई आहे."

"मग?"

"मग मी तिची मुलगी आहे ना. आल्या आल्या आईला प्रमुख केलं तर लोक काय म्हणतील? माझ्यावर कुणी बोट ठेवायला नको, एवढ्यासाठी जिवाचं रान करतेय मी. तिलाही ते कळतं. ती काही बोलली का तुझ्याकडं?"

"तिनं आजवर कधी काही मागितलंय का कुणाकडं?"

"बघ, म्हणजे तिला नकोच असेल," ठकू म्हणाली. पण ते म्हणताना ती माझ्याकडं नाही, डब्याकडं बघत होती. मी उठले. यापुढं बोलले असते तर आवाज चढला असता, आणि चढलेल्या आवाजानं कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

त्या शनिवारी दुपारी गर्दी ऐन भरात असताना बिलाची मशिनं बंद पडली. एक नाही, सगळी. पडदे काळे. रांगा वाढत वाढत बिस्किटांच्या मांडणीपर्यंत गेल्या. एक तान्हं मूल रडायला लागलं, त्याला बघून दुसरं. एक गृहस्थ काउंटरवर किल्ल्या आपटत विचारत होते की इथं कुणी जबाबदार माणूस आहे की नाही. जबाबदार माणूस, म्हणजे काउंटर प्रमुख, रजेवर. ठकू केबिनमध्ये फोन कानाला लावून मशिनवाल्यांशी बोलत होती, म्हणजे बोलत नव्हती, तिकडून नुसतं 'थांबा, थांबा' चाललं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. गोदामाच्या दारातून मला तो दिसत होता, आणि क्षणभर मला वाटलं, ही आत्ता दप्तर घेऊन माझ्याकडं येईल.

तेवढ्यात माइक खरखरला. केबिनच्या दारालाच तो टांगलेला असतो. आक्कानं तो हातात घेतला होता.

"सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण दुकानभर पोचला. "मशिनं बंद पडलीत, दुकान नाही. ज्यांच्याकडं फक्त दूध-पाव आहे त्यांनी एक नंबरला या, हातानं बिल करून देते. ज्यांच्या ट्रॉलीत गार माल आहे त्यांनी हात वर करा. मुली येतील, नावाची चिठ्ठी लावून तुमचा माल फ्रीजरमध्ये ठेवतील, तुमची पाळी आली की परत मिळेल. काही वितळणार नाही. चष्मेवाले, तू तेवढं बघ. वहिनी, रिकामे क्रेट आण आणि उलटे घाल, म्हातारी माणसं आधी बसू देत. ठकू, तो फोन ठेव आणि दाराशी जा. आत येणाऱ्यांना आधी सांग काय झालंय, मग आत घे."

"हो आई," ठकू म्हणाली. फोन ठेवला आणि पळत दाराशी गेली.

माइक चालूच होता. दोन्ही वाक्यं तेलाच्या मांडणीपासून साबणांपर्यंत सगळ्यांनी ऐकली.

मग कुणीतरी हसलं, चांगलं हसलं, आणि हात वर व्हायला लागले. मुली चिठ्ठ्या घेऊन धावल्या. किल्ल्या आपटणारे गृहस्थ क्रेटवर बसले आणि शेजारच्या आजींची पिशवी मांडीवर धरून राहिले. एक नेहमीच्या बाई एक नंबरला येऊन म्हणाल्या, "अहो, म्हणजे मॅडम तुमची लेक?"

"दूध एक, पाव दोन," आक्का म्हणाली. "पुढं कोण?"

मशिनं सुरू झाली तोवर अर्धी गर्दी आटोपली होती. चिठ्ठ्या लावलेला माल ज्याचा त्याला गेला. एका माणसाला दुसऱ्याचं लोणी गेलं, ते चष्मेवालीनं पळत जाऊन बदलून आणलं. सगळं निवल्यावर आक्का दिसेना. ती गोदामात होती, माझ्याकडं पाठ करून, नीट रचलेली खोकी पुन्हा रचत.

"मी तिला फोन ठेव म्हणाले," ती मागं न बघता म्हणाली. "सगळ्या दुकानासमोर. मॅनेजरला. तिनं एवढं जपलं आणि मी एका वाक्यात घालवलं."

मी काही म्हणायच्या आत ठकू आली. तिनं दार लोटलं.

"आक्का," ती म्हणाली. मग थांबली. "आई."

"शटर उघडं आहे," आक्का म्हणाली.

"असू दे उघडं."

"तुम्ही मला मेमो द्या, मॅडम. माइकवरून एकेरी बोलले. नियम म्हणजे नियम."

"आई, पुरे कर. मला एक सांग. तुला ती काउंटरची जागा हवी आहे का?"

आक्काचा हात खोक्यावर तसाच राहिला. एवढ्या वर्षांत हिच्या तोंडून 'मला हवंय' हे शब्द मी ऐकलेले नाहीत. चहा घेणार का विचारलं तर म्हणेल, तुम्ही करत असलात तर घोटभर.

"हवी आहे," ती म्हणाली, इतकं हळू की ते फ्रीजरच्या घरघरीत बुडून जायचं. "पहिल्यापासून हवी आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस गं?"

"घरी सांगितलं असतं तर आईनं लेकीकडं मागितलं असं झालं असतं. आणि इथं..." आक्का वळली. "इथं तू विचारलंच नाहीस. सगळ्यांना आत बोलावून विचारलंस, काय दुखतं, काय हवं. माझी पाळी येईल म्हणून मी केस नीट करून बसले होते. मला नाही बोलावलंस."

ठकू कणकेच्या पोत्यावर मटकन बसली. चाळीस किलोचं पोतं चांगलं दबलं. आता ती लहान राहिली नाही.

"मी फार वाईट वागले तुझ्याशी."

"वाईट नाही. जपून वागलीस," आक्का म्हणाली. तिच्या शेजारी बसली आणि तिच्या केसांत अडकलेला पुठ्ठ्याचा तुकडा काढला. "मला सवय आहे गं. साहेबांनी दोनदा नाही म्हटलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही, मग गेलं. तुझ्या वेळी मात्र..." ती थांबली. "असो."

मी तिकडं मालाच्या पावत्या बघत असल्यासारखं करत होते. शेवटी मलाच राहवेना. "मग आता काय करायचं?"

"आता मी नावच द्यायचं नाही," ठकू म्हणाली. तिनं डोळे पुसले आणि आवाजात मॅनेजर आली. "माझ्या हातात हे असायलाच नको होतं. मोठ्या बाईंना आजच कळवते. एक उमेदवार माझी आई आहे, एक चष्मेवाली. तुम्ही येऊन दोघींचं काम बघा आणि तुम्हीच ठरवा."

"आणि त्या म्हणाल्या, मायलेकी एकीच्या हाताखाली दुसरी चालणार नाही, तर?" आक्कानं विचारलं.

"तर आपल्यातल्या एकीला इथून जावं लागेल."

बाहेरून वहिनी हाका मारत होती की माझे क्रेट मला परत कोण देणार.

मोठ्या बाई पुढच्या आठवड्यात आल्या. त्यांना हसताना आमच्या दुकानात कुणी पाहिलेलं नव्हतं. अर्धा दिवस त्या काउंटरच्या मागं नुसत्या उभ्या राहिल्या. मग चष्मेवालीला आत घेतलं, मग आक्काला. ठकूला त्यांनी मुद्दाम बाहेर पाठवलं, ती माझ्या गोदामात येऊन उगीच डाळींच्या तारखा तपासत बसली. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा बाई विचारत होत्या, "मुलीच्या हाताखाली काम करणं जड नाही गेलं?"

"कामाचं काही नाही, बाई. 'अहो' म्हणायला जड गेलं. जीभ वळायची नाही. घरी आरशापुढं उभी राहून सराव केला, तर ही मागं येऊन उभी. म्हणाली, आई, कुणाशी बोलतेस? म्हटलं, तुमच्याशी."

मोठ्या बाई हसल्या. खरंच हसल्या, कपात चहा हिंदकळला.

"आणि मुलींना कशा सांभाळाल?"

"त्यांना काय लागतं ते विचारीन," आक्का म्हणाली. जरा थांबली. "आणि जी मागत नाही तिला दोनदा विचारीन."

मी कप ठेवले आणि बाहेर आले. ठकूनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि डाळीचं पाकीट उलटं ठेवलं.

निर्णय आला तो असा, की आक्का काउंटर प्रमुख होणार. पण इथं नाही. रक्ताच्या नात्यातलं माणूस थेट हाताखाली चालत नाही असा कंपनीचा नियमच निघाला. पुलापलीकडच्या दुकानातही तीच जागा रिकामी होती, तिथं ती जाणार. आमच्या काउंटरवर चष्मेवाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वहिनीनं आक्काला मिठीत घेऊन जमिनीवरून उचललं, आणि मी गोदामात जाऊन थोडी रडून आले. देवानं दिलं तेही खरं, आणि तिला माझ्या समोरून उचलून नेलं तेही खरं.

शेवटच्या दिवशी आक्कानं आपला काउंटर पुसला. मग शेजारचा पुसला. मग सगळेच पुसले. वहिनी म्हणाली, "तिकडं भाजीला कोण आहे बघून ठेव. आळशी असली तर मला सांग, मी येऊन बोलते."

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी गोदामातला फोन वाजला.

"पुलापलीकडच्या दुकानातून काउंटर प्रमुख बोलतेय," पलीकडून आवाज आला, जणू मी कुणी परकी.

मीही ताठ बसले. "बोला."

"आमच्याकडं बिलाचे कागदी रोल संपत आलेत. उद्यापर्यंत पुरतील, पण आमचा माल यायला उशीर आहे. तुमच्याकडून थोडे मिळतील का? मॅनेजरना विचारून सांगा."

मॅनेजर माझ्या शेजारीच उभी होती. मी फोन तिच्या हातात दिला.

"नमस्कार. मॅनेजर बोलतेय," ठकू म्हणाली. "किती हवेत?"

"एक खोकं पुरेल."

"पाठवते."

"आभारी आहे, मॅडम."

"आभार कसले. तुम्हीही आम्हाला द्याल कधी."

यापुढं बोलायचं काही नव्हतं, तरी दोघींपैकी कुणी फोन ठेवेना. मग पलीकडून कुणा मुलीची हाक ऐकू आली, "आक्का, जरा इकडं येता? हे बिल जुळत नाहीये." आणि आक्काचा आवाज, घाईचा, भरलेला, "आले गं, घाबरू नको." फोन बंद झाला.

ठकू फोन हातात धरून तशीच उभी राहिली.

"मावशी, तिकडं गाडी कधी जाते?"

"दुपारी. ड्रायव्हरला सांगते, टाकील."

"नको. मीच नेते, माझी शिफ्ट संपली की."

"अगं, एवढं ओझं घेऊन बसनं कशाला जायचं?"

"मला बघायचंय," ती म्हणाली, "ती तिथं कशी दिसते ते."

मी खोकं काढलं. सुतळीनं बांधलं, आणि वरची मूठ जरा मोठी ठेवली, म्हणजे पोरीच्या हाताला काचणार नाही.